त्या मुडदाले सांग

भिका,

तू गेलास ते मला कंपनीच्या बसमध्ये कळलं. पलसाण्याच्या आमच्या डाईंग युनिटची बस रोज सकाळी सुरतेतल्या डिंडोलीहून निघते. तुला ती बस आठवत असेल. मी चिकटवून दिलेल्या नोकरीवर तू काही दिवस तिच्यातूनच आला होतास, आणि रंगाच्या वासानं उलट्या करून परत गेला होतास. शेजारच्या जिग्नेशभाईनं मोबाईल माझ्यापुढे धरला आणि विचारलं, “आ तो तमारो भाईबंध ने?” फोटो तुझाच होता. खाली लिहिलं होतं, अभिनेते विकी यांचं शूटिंग सुरू असताना हृदयविकाराने निधन. मी म्हटलं, “हो.” तो म्हणाला, “बहु खोटुं थयुं,” फार वाईट झालं. मी पुन्हा हो म्हटलं. बस हायवेला लागली.

कंपनीत मी चलनं तपासली. दुपारी सुनंदानं भरून दिलेला डबा उघडून मेथीची भाजी खाल्ली. तिच्यात मीठ कमी आहे हेही मला कळलं. म्हणजे जीभ चालू होती. बाकीचं काय चालू होतं आणि काय बंद, ते अजूनही नीट सांगता येत नाही. सुनंदानं घरून फोन केला, रडत होती. मी तिला म्हटलं, मीठ कमी पडलंय आज. 

जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांच्या मोबाईलवर तुझी तीच जुनी क्लिप वाजत होती. ‘मेरे आप्पा’. इकडे एकाची संपायची, तिकडे दुसऱ्याची सुरू व्हायची. तू सिनेमात इतकी कामं केलीस, बक्षीसही मिळालं, आणि लोकांनी शेवटी शोधून काढली ती ही स्टेजवरची क्लिप. पोरं हसत होती, हसता हसता ‘बिचारा’ म्हणत होती. गेलास तू, आणि माझ्या कंपनीत दिवसभर बोलत होता माझा बाप. तो आवाज माझ्या बापाचा आहे हे तिथं कोणालाच माहीत नव्हतं. मी कधी सांगितलंच नाही.

हे सगळं तुला ठाऊक आहे. पण सुरुवातीपासून लिहिल्याशिवाय मला शेवटच्या गोष्टीपर्यंत जाता येणार नाही, म्हणून लिहितो.

आपण भिंतीला भिंत लावून राहायचो. तुझे वडील तुला आठवतही नव्हते. तुझी आई, म्हणजे आमच्या काकू, साड्यांना लेस लावायच्या, आणि त्यांचं काम लांबलं की तू आमच्याकडे जेवायचास. म्हणजे रोजच. आप्पा पांडेसऱ्याच्या लूमच्या खात्यावर, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, कारीगर होते. जन्म त्या आवाजात गेला आणि कान गेले. तिथं सगळ्यांचंच तसं व्हायचं. खानदेशचा असो, ओडिशाचा असो, खात्यावर सगळे ओठांनी हिंदी बोलायचे. आवाज काढून उपयोगच नव्हता. त्यामुळे आप्पांना समोरच्याचं तोंड दिसलं की झालं. अडचण एवढीच होती की ते स्वतः बोलायचे ते लूम चालू असल्यासारखं. पलीकडच्या गल्लीत कळायचं की आज आमच्याकडे भरीत आहे.

मी आप्पांशी मोजकंच बोलायचो. जेवा. गोळी घ्या. कुलूप लावू का. ओठ सावकाश हलवायचा कंटाळा यायचा मला, आणि लोकांसमोर त्यांचं ते ओरडणं नको वाटायचं. तू आलास की मात्र दारातूनच सुरू. आवाज न काढता, नुसते ओठ हलवून, वाटेल ते. हेडमास्तरांची चप्पल गटारात कशी पडली, सुमनमावशीनं भाजीवाल्याला कसं झापलं. तुझा आवाज शून्य आणि आप्पांचा तारसप्तकात. बाहेरून जाणाऱ्याला वाटायचं म्हातारा एकटाच बसून भिंतीशी भांडतोय आणि हसतोय. काकू म्हणायच्या, “या दोनीसले एकच डाक्टर लागी.”

आणि आप्पांचं तुला बघितल्या बघितल्या ठरलेलं, “काय रे मुडदा, कोठे व्हता?”

बाहेरच्या माणसाला हे सांगितलं तर तो दचकेल. आपल्याकडे खानदेशात म्हाताऱ्या माणसांच्या तोंडात हा शब्द असाच असतो, लेकराचा पापा घ्यावा तसा. पण तो सगळ्यांना मिळत नाही. मला आप्पा कधी मुडदा म्हणाले नाहीत. मी रमेश होतो. शाळेच्या दाखल्यावर होतो तसा, घरातही रमेश.

पुढे तू गणपतीच्या स्टेजवर नकला करायला लागलास, मग कॉलेजात, मग वेसूकडच्या कॅफेंमध्ये, जिथं कॉफी पिणारी पोरं तुझ्या हिंदीला आधी हसायची आणि जोकला नंतर. तिथंच कोणीतरी तुझं नाव विकी केलं. मी म्हटलं, भिका काय वाईट आहे? तू म्हणालास, “अरे, माझ्या आधीची दोन गेली म्हणून मायनं देवाकडं भीक मागून मला ठेवून घेतलं, हे तिकिटं काढून आलेल्या लोकांना कसं समजावू? त्यांना वाटेल मी वर्गणी मागायला आलोय.” मी हसलो होतो. तुझ्या जोकला मी मोकळेपणानं हसलो ते बहुतेक तेवढंच.

मग मुंबई, आणि ती क्लिप. बहिऱ्या लूम कारीगराला बँकेतला साहेब विचारतो, “नॉमिनी कौन है?” आणि तो ओरडून सांगतो, “नानी? वो तो कब की मर गई साब!” लोक खुर्चीवरून पडायचे. आवाज तू हुबेहूब काढला होतास. तो मधेच दम घ्यायचा ठसका, शेवटचा शब्द ओढणं, सगळं. माझ्याकडे आप्पांचा आवाज कुठंही जपलेला नाही. आज ऐकायचा असेल तर तुझी क्लिप लावावी लागते.

त्यावरून आपण भांडलो. मी म्हटलं, आप्पा अशी गफलत कधीच करत नाहीत. ‘म’ला ओठ मिटतात, ‘नानी’त कुठं मिटतात? आप्पांचा ‘म’ आयुष्यात चुकलेला नाही. तू म्हणालास, “रम्या, बरोबर उत्तराला कोण हसतं?” मी म्हटलं, मग तुझ्या बापाचं चुकीचं उत्तर सांग.  तू म्हणालास, “असता तर सांगितलं असतं.” ते भांडण तिथंच राहिलं. अजूनही मला वाटतं ‘म’च्या बाबतीत माझंच बरोबर होतं. पण मला राग ‘म’चा नव्हता. क्लिपचं नाव ‘मेरे आप्पा’ होतं. तो शब्द मला बोचला होता. माझा बाप तू जगासमोर तुझा करून टाकला होतास, आणि जगाला तो तुझ्यामुळे आवडला होता. मला तो तसा कधी आवडून घेता आला नव्हता.

आप्पांनी ती क्लिप पाहिली. गल्लीतल्या कोणीतरी दाखवली. मला वाटलं आता त्यांचं डोकं फिरेल. मी बाहेरून आलो तर ते मोबाईल डोळ्यांपाशी धरून बसले होते, आणि खांदे हलत होते. मला पाहून म्हणाले, “मना आवाज काढस का तो?” मी मान हलवली. “बराबर काढस का?” आवाज कसा निघालाय ते त्यांना कळायचा काही मार्गच नव्हता. स्वतःचा आवाज त्यांनी ऐकून किती वर्षं झाली होती. मी म्हटलं, बरोबर काढतो. त्यांनी क्लिप पुन्हा लावायला सांगितली. तुझे ओठ बघत बघत, तुझ्या आधीच एक एक वाक्य म्हणत सगळी पाहिली. ‘नानी’पाशी आल्यावर मला म्हणाले, हा चुकला बघ इथं, ‘म’ आहे ना त्यात. आणि पुन्हा हसले. मग डोळे पुसून म्हणाले, “त्या मुडदाले सांग, जेवाले ये म्हना.”

एवढंच वाक्य. पोचवायचं काम माझं होतं.

दोन-तीन दिवसांनी तुझा फोन आला. इकडचं तिकडचं बोललास. तुझा आवाज बारीक झाला होता. मग विचारलंस, “आप्पांनी पाहिलं का रे?”

“पाहिलं.”

“काय म्हणाले?”

“मुडदा म्हणाले.”

मग तू विचारलंस, आणि जोक करणारा माणूसच असं विचारेल, शब्दाला काय अर्थ आहे, तो म्हटला कसा ते सांग. “हसून म्हणाले का?”

मी म्हटलं, “नाही.”

फोनवर ओठ दिसत नाहीत, भिका. दिसले असते तर तुला कळलं असतं. तू त्या घरात वाढला होतास.

तू म्हणालास, “बरं.” मग म्हणालास, “चुकलंच माझं.” आणि ठेवलास फोन. मी तो एक शब्द का बोललो, ते तेव्हा ठरवून बोललो नव्हतो. नंतर मात्र ठरवून तसाच ठेवला. रोज वाटायचं उद्या फोन करू. मग वाटायचं, याला आता हे कसं सांगायचं, आपण खोटं बोललो तेव्हा मनात काय होतं हेही सांगावं लागेल. मी मोजकंच बोलणारा माणूस आहे असं सगळे म्हणतात. गप्प बसणाऱ्या माणसाला लोक सज्जन समजतात, आणि तो समज मला सोयीचा पडला.

त्यानंतर तू तो कार्यक्रम पुन्हा केला नाहीस. लोक मागणी करायचे, तू म्हणायचास, जोक संपला. मग स्टेजच सोडलंस. पेपरात आलं, विकीला आता गंभीर काम करायचंय. सिनेमात तुला आधी हवालदार, शिपाई, हिरोचा मित्र असलंच मिळालं. ज्यांच्या वाट्याला वाक्यं नसतात ते. त्यातूनच तुझं नाव झालं. तुझ्या गप्प उभं राहण्याचं लोक कौतुक करायचे. मी ते वाचायचो आणि पेपर घडी करून ठेवायचो. माझ्या एका शब्दानं तुझं बोलणं बंद झालं आणि त्यावर तू मोठा झालास, असं मनाशी मांडून बघितलं. त्यानं थोडं हलकं वाटायचं. मग स्वतःचीच किळस यायची.

काकूंना तू मुंबईला नेलंस. सुरतेत आलास तरी डिंडोलीत यायचा नाहीस. एकदा मॉलमध्ये सिनेमाच्या जाहिरातीला आला होतास तेव्हा मला बोलावून घेतलंस. गॉगल लावून रस्त्याकडेच्या लारीवर, हातगाडीवर, चहा प्यायलास. चहावाला म्हणाला, “आप विकी जैसे दिखते हो.” तू म्हणालास, “सब बोलते हैं, पर वो थोड़ा मोटा है.” मग माझ्याकडे न बघता विचारलंस, “आप्पा कसे आहेत?” मी म्हटलं, बरे आहेत. घर तिथून रिक्षानं किती लांब होतं? तू ‘येऊ का’ म्हणाला नाहीस, मी ‘चल’ म्हणालो नाही. आपण दुसरा चहा घेतला.

आणि तो सिनेमा. त्यातलं ते विमानतळाचं दृश्य. तू ड्रायव्हर, साहेबांची मुलगी परदेशी निघालेली, ती काचेच्या आत आणि तू बाहेर. तू काहीतरी बोलतोस. तिला ऐकू जात नाही, आपल्यालाही नाही, वर नुसती बासरी. त्यावर किती लिहून आलं. तुला कोणीतरी मुलाखतीत विचारलं, काय बोलला होतात? तू म्हणालास, “कुछ नहीं, बस बड़बड़.”

आम्ही तो थिएटरात पाहिला. आप्पा, सुनंदा आणि मी. पडद्यावर तुझं तोंड भिंतीएवढं मोठं झालं. ओठ वाचायला आप्पांना कोणी शिकवलं नव्हतं, तसं मलाही नव्हतं, पण मी त्यांचाच मुलगा आहे, इतकं मलाही वाचता येतं. ओठ मिटून उघडले. आप्पा. मग पुढचं. “आप्पा, जेवाले येऊ का?”

आणि माझ्या शेजारून, लूम चालू असल्यासारखा आवाज आला, “ये ना रे मुडदा, इचारस काय!”

सगळं थिएटर हसलं. कोणीतरी मागून म्हणालं, “काका, वो आपको नहीं बोल रहा.” मी आप्पांच्या हातावर हात ठेवून दाबला. गप्प बसा, असा. ते गप्प बसले. सुनंदानं विचारलं, काय झालं? तिचं माहेर परभणीचं, तिला ओठांचं हे कधी जमलं नाही. मी म्हटलं, काही नाही, त्यांना वाटलं कोणी हाक मारली. सगळ्या गर्दीत आप्पांनाच काय ते कळलं होतं, आणि लोक त्यांना हसत होते. तुझ्या क्लिपमधल्या म्हाताऱ्याला हसायचे तसेच. पण या वेळी त्यांचं उत्तर बरोबर होतं.

घरी येताना रिक्षात त्यांनी विचारलं, “कधी येई तो?” मी रस्त्याकडे बघत बोललो. तोंड फिरवलं की आप्पांशी बोलणं संपतं. ही सोय मी आयुष्यभर वापरली.

आप्पा गेले तेव्हा तू बाहेरच्या देशात होतास. गंधमुक्तीच्या, उत्तरकार्याच्या दिवशी मात्र आलास. मांडवाच्या कडेला उभा राहिलास, फोटोला हात जोडलेस. पोरं सेल्फी काढायला धावली तर त्यांना हातानंच नको म्हणालास. पंगत बसली. मी तुला म्हटलं, चल, जेवून घे. तू म्हणालास, “नको रे. त्यांना आवडायचं नाही.”

वाक्य माझ्या तोंडात होतं, भिका. समोर आप्पांचा हार घातलेला फोटो, वाफाळती खिचडी, वाढप्यांची गडबड, आणि तू चपला घालायला वाकलेला. मी एवढंच म्हणालो, “बरं, पोचल्यावर कळव.” तू कळवलंस. अंगठा पाठवलास. आपलं शेवटचं बोलणं ते. माझ्या बापाच्या उत्तरकार्याला गल्लीतली कुत्रीसुद्धा जेवून गेली, आणि ज्याला त्यानं जेवायला बोलावलं होतं तो उपाशी गेला.

काल काकू आल्या. तुझी गंधमुक्ती त्यांनी इथं डिंडोलीतच ठेवलीय. म्हणाल्या, मुंबईत कोण ओळखतं त्याला. तुमच्या जुन्या खोलीचं कुलूप गंजलं होतं, मी तेल सोडून उघडून दिलं. काकू खाली बसून तांदूळ निवडायला लागल्या. रडत नव्हत्या. मलाही रडू येत नाहीये, म्हणून त्यांच्याजवळ बसायला बरं वाटलं. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, “रमेश, तो तुमना घर येवाले कसा नही म्हने, माले आजवर समजनं नही. तुम्हनं काही व्हयनं व्हतं का?”

मी सांगितलं. क्लिप, फोन, थिएटर, पंगत, सगळं. तोंड न फिरवता सांगितलं. काकूंचा हात सुपात थांबला नाही. खडा सापडला तो त्यांनी बाजूला टाकला.  मला वाटलं सूप फेकून मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

मग म्हणाल्या, “माले कसाले सांगस. त्याले सांग.”

आणि उद्या दोन शब्द तूच बोल म्हणाल्या.

मला असं उभं राहून बोलता येत नाही, ते तुला माहीत आहे. तू असतास तर म्हणाला असतास, रम्या स्टेजवर गेला तर माईकच झोपेल. म्हणून लिहून काढलं. उद्या पंगत बसायच्या आधी तुझ्या फोटोसमोर उभा राहून वाचेन. मोठ्यानं, लूमवाल्यासारखं. काकूंनी डाळ-बट्टी आणि वांग्याची भाजी सांगितलीय. आप्पांच्या तोंडातला तो शब्द आता कोणी तुझ्याबद्दल वापरू शकणार नाही. तो खरा झाला म्हणून निकामी झाला. पण वाक्य आप्पांचं आहे आणि मी ते मधेच तोडलं होतं, तेव्हा जसं होतं तसंच पोचवायला पाहिजे. उद्या लोकांना चालो न चालो.

आप्पा म्हणाले होते, त्या मुडदाले सांग, जेवाले ये म्हना.

आणि तू विचारलं होतंस ना.

हो. हसून म्हणाले होते.